आतली वही

“म्याडम, आम्ही पोरीसाठी स्थळ मागितलं होतं. तुम्ही लिंबाचं लोणचं धाडलंय.”

फोनवर बार्शीचे उंबरजे होते. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

“लोणचं म्हणजे?” मी विचारलं.

“ईमेलात आलंय ओ, तुमच्याच नावानं. पंचवीस लिंबं, पाव किलो मीठ, मेथी तळून घ्यावी. खाली कुमुद रिसबूड असं नाव हाय. का आता मंडळ लोणचं पण घालायला लागलं?”

मी हसत सुटले. समोरच्या टेबलाशी बाई पोस्टकार्डांवर पत्ते लिहीत होत्या. त्यांना सांगितलं, तर त्याही हसल्या. मग मुख्याध्यापिकेच्या जुन्या सवयीनं म्हणाल्या, “मेथी तळायची नाही, कोरडी भाजायची. चुकीचं टाइप केलंयस तू.”

त्या गुरुवारी सकाळी आम्ही दोघी तशा शेवटच्या हसलो. नंतरही पुष्कळदा हसलो असू, पण तसं नाही.

ही वीस-एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बाई म्हणजे कुमुदताई रिसबूड. मिरजेत मुलींच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं शिकवलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली पुढं आया झाल्या आणि आपापल्या लेकींचे फोटो घेऊन परत त्यांच्याच दारात आल्या. जात कुठलीही असो, बाईंना सगळ्यांची घरं ठाऊक होती. त्यातून निवृत्तीनंतर एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं वधूवर सूचक मंडळ उभं राहिलं. मीही त्यांचीच विद्यार्थिनी.

मी तिथं आधी नोकरीला नव्हे, नाव नोंदवायला गेले होते. तीन ठिकाणी जमत आलं आणि मोडलं. तिन्ही वेळा कारण एकच होतं, आणि ते मी बाईंना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. चौथं स्थळ दाखवायचं सोडून बाई म्हणाल्या, “रेवती, तुला कॉम्प्युटर येतो ना? मग उद्यापासून इथं येऊन बस. तुझं लग्न होईल तेव्हा होईल, तोवर दुसऱ्यांची लाव.”

बाईंच्या दोन वह्या होत्या. बाहेरच्या वहीत उंची, शिक्षण, रास, नोकरी, अपेक्षा. ती कुणीही चाळावी. दुसरी आतली वही, लाल कापडी बांधणीची, पोलादी कपाटात कुलपात असे. चहाचा कप खाली ठेवून, दाराकडं एकदा बघून, आवाज उतरवून लोक जे सांगत ते त्या वहीत. कुणाच्या पाठीवर कोडाचा डाग, कुणाचा आधीचा साखरपुडा मोडलेला, कुणाचे वडील परदेशात आहेत असं सांगायचं आणि प्रत्यक्षात ते दुसऱ्या बाईबरोबर हुबळीत. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, त्या सगळ्या चुलींची राख बाईंच्या कपाटात होती. त्यांचा नियम एवढाच होता, की गुपित ज्याचं त्यानं सांगायचं आणि साखरपुड्याच्या आत सांगायचं. “नाही सांगितलंत तर मी लग्नाला येणार नाही,” असं त्या बजावत. बाई लग्नाला आल्या नाहीत म्हणजे काय, हे अख्ख्या गावाला कळत असे.

मला त्या वहीचा वैताग यायचा. एखादं नाव हवं असलं की बाई पानं उलटत बसायच्या आणि मी बोटं मोडत. “कॉम्प्युटरवर टाकू या,” म्हणून मीच त्यांच्या मागं लागले. “कपाटाला किल्ली असते, तसा ह्याला पासवर्ड असतो. किल्ली हरवते, पासवर्ड डोक्यात राहतो.” आठ दिवस त्या काही बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी वही माझ्या हातात दिली. मधलं एक पान पट्टी लावून नीट फाडलेलं दिसलं. विचारलं, तर म्हणाल्या, “शाई सांडली होती.”

दोन महिन्यांत मी सगळी वही उतरवून काढली. आडनावाच्या अक्षरागणिक एक फाइल. आतली वही अ, आतली वही क, अशी. मराठी अक्षरं तेव्हा प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर दिसत नसत, नुसता कचरा दिसायचा. म्हणून मी काय करावं? नोंदणी केलेल्या प्रत्येक घराला आमचा मराठी फॉन्ट पाठवून दिला, तो कसा बसवायचा त्याच्या सूचनेसकट. म्हणजे चोर यायच्या आधीच मी गावभर कंदील वाटून ठेवले होते. तेव्हा मात्र बाईंनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली होती.

आता त्या आधीच्या सोमवारचं सांगते. सकाळी इंटरनेटसाठी घेतलेल्या वेगळ्या फोनवरून लाइन लावली, तर सात पत्रं आली होती. त्यातल्या एकाचा विषय इंग्रजीत, ‘फोटो आणि बायोडेटा’. नाव अनोळखी. खाली मोडक्या इंग्रजीत दोन ओळी होत्या, की सोबतची फाइल बघून आपलं मत कळवावं. पुढं माणसं मला विचारायची, अनोळखी माणसाचं पत्र उघडलंसच कशाला? अहो, आमच्याकडं सगळी पत्रं अनोळखी माणसांचीच यायची. ओळखीत जमत असतं तर मंडळाची पायरी कोण चढतं? शिवाय बाईंचा नियम होता, आलेलं स्थळ त्याच दिवशी उघडायचं, कारण कुठंतरी कुणी बाप वाट बघत बसलेला असतो.

मी फाइलीवर क्लिक केलं. पडदा एकदा मिटल्यासारखा झाला आणि पुन्हा होता तसा. काहीच उघडलं नाही. मी आणखी दोनदा क्लिक केलं. मग त्या अनोळखी माणसाला लिहिलं, ‘आपली फाइल उघडत नाही, तसदीबद्दल क्षमस्व, कृपया पुन्हा पाठवावी.’ इतकं नम्र पत्र मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला लिहिलं नसेल.

नंतरचे तीन दिवस सकाळी लाइन लावली, की मी हात बाजूला घेऊन चहा पीत असले तरी मॉडेमचे दिवे लुकलुकायचे. कॉम्प्युटर जड झाला होता, एक पान उघडायला मिनिट घेई. मी म्हटलं, उन्हाळा आहे, मशीन तापलं असेल. वर टेबलफॅन त्याच्याकडं फिरवून ठेवला.

आणि गुरुवारी लोणचं निघालं.

दुसरा फोन पुण्याच्या एका मुलाचा आला. त्याला मंडळाची नियमावली गेली होती, तीही दोनदा. आता मला हसू येईना. साडेअकराला तिसरा फोन वाजला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग एका बाईचा आवाज, “बाई आहेत का? त्यांनाच द्या.”

बाईंनी फोन घेतला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. हातातलं पेन कार्डावर तसंच टेकलेलं, त्याखाली शाईचा ठिपका मोठा होत चाललेला.

“कोणती पानं?” त्यांनी विचारलं. मग, “बरं. वाचू नका पुढं. वाचलीत तरी ओठांबाहेर काढू नका, माझी शपथ आहे.” फोन ठेवून त्या माझ्याकडं वळल्या. “कऱ्हाडच्या अवटीबाई. त्यांना आतल्या वहीतली ‘क’ची पानं गेली आहेत. सगळी.”

“मी पाठवली नाहीत, बाई.”

“मग कुणी?”

मी कॉम्प्युटरकडं वळले. मेल उघडून बघितली तर एकतीस पत्रं परत आलेली, पत्ता चुकला, पेटी भरली, असला माणूस इथं नाही. ह्यातलं एकही मी लिहिलं नव्हतं. सगळ्यांखाली नाव मात्र आमच्या मंडळाचं, आणि प्रत्येकाला एक फाइल चिकटवलेली. लोणचं. नियमावली. आतली वही अ. आतली वही क. मी कॉम्प्युटरवाल्यांना फोन लावला.

ज्यांच्याकडून कॉम्प्युटर घेतला होता ते इरफान मुजावर दहा मिनिटांत स्कूटरवरून आले. स्टेशन रोडला त्यांचं सायबर कॅफे होतं. मोठा शांत माणूस. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी खाली वाकून कॉम्प्युटरला जाणारी फोनची वायर ओढून काढली.

“वायर काढायची आधी, म्याडम. मग रडायचं,” ते म्हणाले. सोमवारचं पत्र बघून त्यांनी मान हलवली. “हे बघा. नाव वाचलं तर बायोडेटा डॉट डॉक. पण ह्याला दोन शेपट्या आहेत. एक दाखवायची, एक लपवायची. लपवलेली आहे ती खरी. हा कागद नव्हंच, हा प्रोग्राम आहे. ट्रोजन म्हणतात.”

“पण काहीच उघडलं नाही हो,” मी म्हटलं.

“तुम्हाला दिसलं नाही. तो आत गेला. पाहुणा म्हणून येतो, पाणी मागतो, आणि तुम्ही पाणी आणायला वळला की किल्ल्यांचे ठसे घेतो. तुमची पत्त्यांची यादी उचलली त्यानं. मग तुमच्या फाइलीतली एक घ्यायची, तिच्या पोटात स्वतः बसायचं आणि यादीतल्या लोकांना धाडायचं, तुमच्या नावानं. त्यांनी उघडली की त्यांना फाइल पण दिसते, आणि हा त्यांच्याही घरात शिरतो. तिथनं पुढं.”

“आमच्यावर कुणाचा एवढा डूख?” बाईंनी विचारलं.

“कुणाचाच नाही, बाई. तुम्ही कोण हे त्याला ठाऊक पण नाही. एकच पत्र लाखो पत्त्यांवर मारून देतात. उघडणारा एक घावला की झालं.”

बाईंना शत्रू असता तर बरं वाटलं असतं, असं मला त्यांच्या तोंडाकडं बघून वाटलं.

“कुणाकुणाला काय गेलं, ते कळेल?” त्यांनी विचारलं.

मुजावरांनी त्या परत आलेल्या एकतीस पत्रांवर बोट ठेवलं. “ही परत आली म्हणून कळली. जी पोचतात ती परत येत नाहीत.”

बाईंनी ती एकतीस नावं बोटानं वाचून काढली. मग मला म्हणाल्या, “‘श’?”

त्यांना काय विचारायचं होतं ते मला नेमकं कळलं. ‘श’मध्ये मृणाल शेडबाळे होती. बाईंची आवडती विद्यार्थिनी, आता एका शाळेत चित्रकला शिकवणारी. इचलकरंजीच्या मगदूमांच्या अभिनंदनशी तिचं जमलं होतं आणि पुढच्या शुक्रवारी साखरपुडा होता. अकराव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत मृणालला फिट्स यायच्या. गेली सहा वर्षं एकही आली नव्हती, औषधही बंद झालं होतं. अभिनंदनला तिनं दुसऱ्या भेटीतच सांगितलं होतं. त्याच्या आईवडिलांना माहीत नव्हतं. शनिवारी तो पुण्याहून येणार होता आणि दोघं मिळून, डॉक्टरांचं पत्र समोर ठेवून, सांगणार होते. दोन दिवसांचा प्रश्न होता. आणि मगदूमांचा ईमेलचा पत्ता आमच्या यादीत होता, मीच घातलेला.

“फोन करून सांगू या का, की मेल उघडू नका?” मी म्हटलं.

“‘उघडू नका’ म्हटलं की माणूस तेच आधी उघडतो,” बाई म्हणाल्या. त्यांनी मृणालच्या शाळेत फोन लावला. सगळं सरळ सांगितलं, लपवलं काही नाही. पलीकडचा मृणालचा आवाज मलाही ऐकू आला, कारण ती जवळजवळ ओरडून बोलत होती.

“बाई, तुम्ही जा. आत्ता जा. मेलनं कळण्यापेक्षा तुमच्या तोंडनं कळू दे.”

मुजावर आपल्या कॅफेतून यादीतल्या सगळ्यांना इशाऱ्याचं पत्र धाडायला गेले आणि आम्ही दोघींनी इचलकरंजीची एसटी पकडली. अख्ख्या वाटेत मी मनात मगदूमांना सांगायचं एकच वाक्य घोकत होते. अण्णा, ती फाइल उघडू नका, त्यात किडा आहे, तुमचा कॉम्प्युटर जाईल. हे वाक्य बिनतोड होतं, कारण खरं होतं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून.

मगदूमांचं घर आणि यंत्रमाग एकाच आवारात. आत पाऊल टाकलं की खटखट सुरू, ती बोलण्याखालून अखंड चालायची. आदगोंडा मगदूमांना सगळे अण्णा म्हणत. पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस, आणि ऑफिसात विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवायचा कॉम्प्युटर. त्या दिवशी रुमाल काढलेला होता.

“या की ओ बाई! आधी कळवायचं न्हाई व्हय?” अण्णा उठून उभे राहिले. “अक्काताई, पाणी आणा. बाई आल्यात मिरजंच्या.” बायकोला असं सांगून मग हौसेनं पडद्याकडं हात करत, “तुमची मेल बी आलीया बघा. सकाळधरनं लाइनच नव्हती, आत्ता उतरायलीया. मोठी दिसतीया.”

पडद्यावर निळे चौकोन एकेक करून भरत होते. अर्धे झाले होते. फाइलीचं नाव अजून दिसत नव्हतं.

“अण्णा, ते राहू दे,” बाई म्हणाल्या. “मला काही सांगायचं आहे. अक्काताई, तुम्हीही बसा.”

आणि बाईंनी सांगितलं. आडवळण नाही, प्रस्तावना नाही. कधी सुरू झालं, कधी थांबलं, औषध कोणतं होतं, डॉक्टर काय म्हणाले. अभिनंदनला ठाऊक आहे. शनिवारी ती दोघं सांगणारच होती, आज मी आले त्याला कारण आमच्या मंडळाची चूक. पोरीची चूक नाही. सांगून होईपर्यंत पाच-सहा चौकोन उरले होते.

अक्काताईंनी हातातलं पाण्याचं तांब्याभांडं जोरात खाली ठेवलं.

“अभ्याला ठावं हाय? आनि आईला न्हाई?”

“शनिवारी...” 

“फिटची पोरगी आमच्या दारात आननार व्हता तुम्ही? बाई, तुमच्या शब्दावर आम्ही पत्रिका बगितली न्हाई. उद्या नातवंडास्नी आलं तर? लोक काय म्हनतील?” त्यांचा आवाज चढत गेला, मागांच्या खटखटीच्या वर. “आमच्या घराण्यात असलं कधी न्हाई. सात पिढ्यांत न्हाई!”

हे वाक्य मी ह्याआधी तीन घरांत ऐकलं होतं. तिन्ही वेळा ते माझ्याबद्दल होतं. तिन्ही वेळा मी पदर आवरून, चपला घालून, खाली मान घालून बाहेर पडले होते.

मी कॉम्प्युटरच्या बाजूला उभी होते. शेवटचा चौकोन भरला आणि नाव उमटलं. इंग्रजी अक्षरांत, पण मीच ठेवलेलं. आतली वही म.

‘श’ नव्हे. ‘म’. त्यात काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण ते पानही मीच टाइप केलं होतं. मृणाल त्या फाइलीत नव्हतीच. आता फक्त ते वाक्य म्हणायचं होतं, वाटभर घोकलेलं. अण्णांना त्या कॉम्प्युटरचं एवढं कौतुक होतं, की ‘किडा’ म्हटल्याबरोबर त्यांनी हात मागं घेतला असता.

अक्काताई म्हणत होत्या, “सात पिढ्यांत न्हाई.”

मी गप्प राहिले.

बायकोच्या आवाजातून सुटका म्हणून की काय, अण्णा खुर्चीत वळले. “बगू तर, लेखी काय धाडलंय,” असं पुटपुटत त्यांनी क्लिक केलं. आमचा फॉन्ट त्यांच्याकडं होताच. पान स्वच्छ मराठीत उघडलं. आडनावं अक्षरांच्या क्रमानं होती, मगदूम सगळ्यात वर. अण्णांना मोठ्यानं वाचायची सवय होती.

“मगदूम, आदगोंडा. मुलगा अभिनंदन. मोठी मुलगी त्रिशला, वय एकतीस. पुण्यात नोकरी असं सांगतात, पण नोकरी नाही. सात वर्षांपासून मनोरुग्णांच्या...”

तिथं ते थांबले.

“काय लिवलंय? वाचा की,” अक्काताई म्हणाल्या. अण्णा वाचेनात. तेव्हा त्या स्वतः पडद्याजवळ आल्या आणि ओठ हलवत, एकेक अक्षर लावत वाचू लागल्या. त्रिशला कोणत्या संस्थेत आहे. आईला कधी ओळखते, कधी ओळखत नाही. दर पौर्णिमेला आई डबा घेऊन जाते. लग्न ठरताच मुलीकडच्यांना सांगण्याचं आईनं दोनदा वचन दिलं आहे. त्यांनीच बाईंना सांगितलेलं, बाईंनी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलेलं.

मागांची खटखट चालूच होती. वाचून झाल्यावर अक्काताईंनी बाईंना काही विचारलं नाही. माझ्याकडं बघितलं.

“हे किती जनास्नी गेलंय?”

“सांगता येत नाही,” मी म्हटलं. “जी पोचतात ती परत येत नाहीत.”

त्या टेबलाची कड धरून हळूहळू खाली बसल्या, फरशीवर. “माझी पोरगी गं,” एवढंच म्हणाल्या. त्यात रागाचा लवलेश नव्हता. बाई खुर्ची सोडून त्यांच्याजवळ फरशीवर जाऊन बसल्या. अण्णांनी कॉम्प्युटरचं बटण दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत. मग पाठ आमच्याकडं ठेवूनच म्हणाले, “जावा आता तुम्ही, बाई.”

पुढचं थोडक्यात सांगते. मुजावरांनी आमचं मशीन दोन दिवस उलगडून बघितलं. फाइली एकामागून एक गेल्या होत्या आणि ‘म’वर असताना त्यांनी वायर काढली होती. ‘श’ची पाळी आलीच नव्हती. मृणालचं नाव त्या ट्रोजननं कुणाला कळवलं नाही. ते आम्हीच जाऊन सांगून आलो.

साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. निरोप अण्णांचा आला, कारण न सांगता. पहिल्या रांगेत निळ्या साडीत त्रिशला बसली होती, तिचा एक हात अक्काताईंच्या मुठीत. लोक बघत होते, आणि बघणाऱ्या प्रत्येकाकडं अक्काताई उलट बघत होत्या. मृणाल सगळ्यांत आधी त्रिशलाच्या पाया पडली. बाईंनी डोळे पुसले, मी पुसले नाहीत, कारण अक्काताई मधूनच माझ्याकडंही बघत होत्या.

सगळीकडं असं गोड झालं नाही. तीन ठिकाणची लग्नं मोडली. कऱ्हाडचं एक, तासगावचं एक, आणि मिरजेतलंच एक. ती मिरजेतली मुलगी अजून बाजारात भेटते, आता पन्नाशीला आली, एकटीच असते. माझी विचारपूस करते, हसते. ती शिव्या देईल तर मला बरं वाटेल, पण ती देत नाही. दिवाळीच्या आत बाईंनी मंडळ बंद केलं. लाल वही एकेक पान करून अंघोळीच्या बंबात घातली, आणि त्या आठवड्यात मला घरी बोलावलं नाही.

पण त्या गुरुवारचं एक सांगायचं राहिलं. परतीच्या बसमधलं.

जयसिंगपूर येईपर्यंत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. ऊन उतरत होतं, बस अर्धी रिकामी. मग खिडकीतून नजर न काढता त्यांनी विचारलं, “नाव तुला दिसलं होतं?”

“हो.”

“थांबवता आलं असतं?”

“हो.”

“मग?”

“त्यांनी घराण्याचं काढलं, बाई.”

बाईंनी मान हलवली. वर्गात एखादीचं उत्तर बरोबर यायचं आणि तरी बाईंना आवडायचं नाही, तेव्हा त्या अशीच मान हलवत. मग त्यांनी पर्स उघडली, आतल्या कप्प्याची चेन ओढली आणि चार घड्या घातलेला एक कागद माझ्या हातात ठेवला. एक कड पट्टी लावून फाडलेली होती.

“हे तुझं. वही तुझ्याकडं देण्याआधी काढून ठेवलं होतं.”

“शाई सांडली होती म्हणालात.”

“खोटं बोलले. तुझ्या त्या यंत्रावर माझा विश्वास नव्हता, आणि तुझं मन मोडवत नव्हतं. म्हणून तुझं तेवढं काढलं आणि बाकीच्यांची सगळी तुझ्या हवाली केली.” पर्स मिटत म्हणाल्या, “तुझी चूक आजची. माझी दोन महिन्यांपूर्वीची. बाकीचीही अशीच काढायला हवी होती गं.”

अंकलीचा पूल आला. लोक खिडकीतून कृष्णेत नाणी टाकत होते. मी कागद बाहेर धरला, तर बाईंनी माझं मनगट पकडलं.

“पाण्यात टाकलेलं कुठंतरी काठाला लागतं,” त्या म्हणाल्या. “जवळ ठेव.”

मी ते पान उलगडलं नाही. त्यावर काय लिहिलंय ते मला पाठ होतं. अक्काताईंच्या पानावरचंही मला पाठ होतं, आणि तरी मी गप्प राहिले होते.